पाडस आणि शेवटचं इंजेक्शन

तीस वर्षं जनावरांचा डॉक्टर होतो. निवृत्त झाल्यावर तत्त्वज्ञानाच्या प्राथमिक अभ्यासक्रमाला नाव घातलं: देव आहे का, चांगलं कशाला म्हणायचं, वगैरे. मध्ययुगीन तत्त्वज्ञ अ‍ॅन्सेल्मचा युक्तिवाद वाचताना खरं तर डुलकी लागली. नुसत्या व्याख्येवरून देव सिद्ध करायचा, म्हणजे जनावर न बघताच निदान! पण अनिष्टाच्या समस्येपाशी, म्हणजे देव असेल तर जगात दुःख का या प्रश्नापाशी, आलो आणि तत्त्वज्ञ विल्यम रो यांच्या 1979 च्या लेखातलं पाडस भेटलं.

दूर रानात वीज पडते, वणवा पेटतो. पाडस होरपळतं आणि कित्येक दिवस तडफडून मरतं. बघायलाही कुणी नाही. देव सर्वशक्तिमान आणि दयाळू असेल, तर हे कशासाठी? माणसाच्या क्रौर्याबद्दल ‘त्याला इच्छास्वातंत्र्य दिलंय’ असं म्हणून सुटता येतं. इथे नुसती वीज आणि वाळकं झाड.

भाजलेली जनावरं मी पाहिलीत. काही वेळाने ती ओरडायचंही सोडतात.

यावर तत्त्वज्ञ स्टीफन वाइक्स्ट्रा यांनी 1984 मध्ये उत्तर दिलं: आपल्याला कारण दिसत नाही, एवढ्यावरून ते नाहीच असं म्हणता येत नाही. देवापुढे आपण तान्ही बाळंच. मला ते पटूच लागलं होतं. सुई का टोचतोय हे मी तरी कुठल्या कुत्र्याला समजावू शकलो? पण त्या वेळी मालक त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला असायचा. रो यांचाही रोख तोच: मूल दुखण्यात असलं की आईबाप जवळ असतात. पाडसाजवळ कोण होतं?

मी खरा अडलोय तो याच्या पुढे. प्रत्येक वेदनेमागे आपल्याला न दिसणारं कारण असू शकत असेल, तर उपाय संपल्यावर मी दिलेली ती शेवटची इंजेक्शनं म्हणजे कुणाच्या हिशेबात ढवळाढवळ होती का? या मताचे लोक सांगतात, आपल्याला जे दिसतं त्यावरून आपण वागावं. बरं. पण मग ‘दिसणं’ देवाबद्दल बोलताना कुचकामी आणि गोठ्यात मात्र पुरेसं, हे कसं?

अभ्यासक्रम शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, “तेव्हा ठरवायचात कसं?”

नाडी बघून, हिरड्यांचा रंग बघून. मग मालक मान हलवेपर्यंत थांबून.

“हे लिहा निबंधात,” म्हणाल्या. दोन पानं झालीत. मालकाने मान हलवली नाही त्या एका घोडीपाशी अडलोय.