तुम्ही विचारलंत म्हणून: म्हाताऱ्याचा आवाज कसा काढता?

प्रयोग संपला की हा प्रश्न येतोच, आणि पाठोपाठ ‘मध-हळद घेता का?’ मध अन्ननलिकेत जातो, स्वरतंतूंना शिवतही नाही. प्रवेशाआधी घटाघटा प्यालेलं पाणीसुद्धा नाही. तंतू ओले राहायला हवेत तर दिवसभर घोटघोट पीत राहावं लागतं.

आता म्हातारा. बहुतेक नट घसा आवळून खर्जात उतरतात. प्रत्यक्षात वयाबरोबर पुरुषाचे स्वरतंतू पातळ होतात आणि पट्टी बऱ्याचदा थोडी वरच सरकते. घटतो तो दमसास. म्हणून मी आवाजाला हात लावत नाही, श्वास तोडतो: ‘मी तिला… या घरात… घेणार नाही.’ प्रत्येक तुकड्याआधी छोटा श्वास, शब्दाची सुरुवात मऊ. पण शेवटचं ‘नाही’ पडता कामा नये. ते बाल्कनीत पोचलं नाही, तर तिथे बसलेल्यांसाठी बापाने मुलीला घरात घेतलं! धाप लागलेला माणूस दाखवायलाही नटाजवळ श्वास शिल्लक लागतो. त्यासाठी पाठीवर झोपून ‘स्स’ 20-25 सेकंद एकसारखा सोडायचा, रोज.

घसा जातो तो मात्र आक्रोशात. मुलाच्या मृत्यूची बातमी येते, ‘आई गं!’ फुटायचं असतं. नटाची हनुवटी पुढे येते, खांदे कानांशी जातात, श्वास कोंडतो. मिटलेल्या तंतूंवर खालून दाब साचतो आणि ‘आ’ धाडकन फुटतो. प्रयोगामागून प्रयोग असं झालं, की तंतूंचा पुढचा एक तृतीयांश भाग जिथे संपतो तिथे, दोन्ही बाजूंना, गाठी धरतात. आधी वरच्या पट्टीतला हळू आवाज जातो. नट जोर वाढवतो, गाठी वाढतात. म्हणून श्वास समोरच्याच्या वाक्यावरच घ्यायचा, बरगड्या बाजूला फुलू द्यायच्या, गुडघे सैल, आणि ‘आ’च्या आधी किंचित ‘ह’ सोडायचा. प्रेक्षकाला ‘हाई’ ऐकू आलं, तर तो जास्त झाला. रोजच्या तालमीत हा प्रवेश अर्ध्या आवाजात करा, पण कुजबुजून नको. तीही घशाला ताणते. खरखर तीन आठवडे टिकली, तर डॉक्टरला स्वरयंत्र दाखवा.

‘एवढं तंत्र आलं की भावना मरते,’ हे ऐकून मी थकलोय. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. स्वरयंत्र आतून माहीत असल्याने त्यांचा अभिनय कोरडा झाला का?

तरी एक कबूल करतो. आधी देह, मग आवाज, असं मी वर्षानुवर्षं ठासून सांगत आलो. पाठ वाकली, छाती दबली की श्वास आपोआप तुटतो, हे आजही खरं वाटतं. पण काही भूमिका आधी कानात येतात. त्या माणसाचा हेल सापडला की चाल मागून येते. तेव्हा देहापासून सुरुवात करा असं नव्या मुलांना सांगायचं की नाही, यावर माझं माझ्याशीच अजून जमलेलं नाही.