दहा तारखेले बाजार भरते काय?

मूर्तिजापूर-कारंजा रस्त्याला लागून आमचं गाव. घरामागच्या टिनाच्या शेडात मी मिनी डाळ मिल टाकली, त्याला आता चौथं साल. कर्जाची फाइल, थ्री-फेजचं मीटर, सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतलं ३५ टक्के अनुदान या चकरांत अख्खं वर्ष गेलं. एकदा मशीन बसलं की सुटले, असं तेव्हा वाटायचं. माणसांचं काय, गावात हाताला काम नाही म्हणून सगळेच रडतात. हाक मारली की येतील.

आधी हवा होता मशीन चालवणारा. तूर चाळायची, रोलरवर खरडायची, तेल लावून रात्रभर ढिगात मुरू द्यायची, दोन-तीन दिवस उन्हात वाळवायची आणि परत रोलरवर घ्यायची. माल किती सोडायचा हे ज्याच्या हाताला कळतं त्याच्याकडून डाळ पडते, बाकीच्यांकडून चुनी, म्हणजे नुसता चुरा. मी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, स्टँडवरच्या पानठेल्यावर कागद चिकटवला. अकरा पोरं आली, त्यातली नऊ भरतीची तयारी करणारी. पगाराच्या आधी विचारायची, "ताई, सकाळी ग्राउंडले जाऊ द्यान ना?" एकाला ठेवलं. हुशार होता, महिन्याभरात मशीनचा आवाज ओळखायला लागला. चौथ्या महिन्यात पोलीस भरतीचं हॉलतिकीट आलं आणि तो गेला. निवड झाली नाही, पण मिलकडेही परत फिरकला नाही. लाजला असावा. मीच त्याच्या घरी जायला पाहिजे होतं, गेले नाही.

मग गावच्याच एका घरचे घरजावई कामाला लागले. माणूस सरळ, निर्व्यसनी. पण गावाचा जावई! सगळं गाव त्यांना जावईबापू म्हणतं आणि जावईबापूंना झाडू कसा द्यायचा? शेडात चुनीचा थर साचायचा, हे कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात खुर्चीवर. "जावईबापू, तेवढं पोतं सरकवता काय?" म्हटलं की ते हसून "हो ना" म्हणायचे आणि कोणातरी बाईला हाक मारायचे. काही बोलावं तर संध्याकाळी त्यांची सासू माझ्या ओट्यावर. नात्यातला माणूस ठेवू नये असं सगळे सांगतात. गावात बिननात्याचा माणूस आणायचा कुठून, हे मात्र कोणी सांगत नाही.

खरी अडचण बायांची झाली. तेल लावलेली तूर उन्हात पसरायची, दिवसातून चार-पाचदा हात फिरवायचा, डाळ निवडायची, यासाठी पाच जणी होत्या. मी रीतसर काम करायचं ठरवलं होतं. हजेरीपुस्तक, प्रत्येकीचं बँक खातं आणि दर महिन्याच्या दहा तारखेला पगार खात्यात. मला त्याचा फार अभिमान होता. तीन महिन्यांत पाचच्या दोन उरल्या. भांडण नाही, तक्रार नाही. विचारायला गेलं की "येतो ना वहिनी, उद्यापासून येतो." ती उद्या कधी उजाडली नाही.

मला वाटलं मजुरी कमी पडते. रोज तीस रुपयांनी वाढवली. तरी तेच. शेवटी उरलेल्या दोघींतल्या काकूंनी एकदा निवडता निवडता, मान वर न करता सांगितलं, "अवं माय, आपल्या गावचा बाजार शुक्रवारी. दहा तारखेले बाजार भरते काय?"

मी तशीच बसून राहिले. आठवड्याचं तेल-मीठ, मिरची, पोरांचा खाऊ सगळं शुक्रवारच्या बाजारात. शेतातल्या मजुरीचा चुकारा त्याच हिशेबाने होतो, हे मी लहानपणापासून पाहत आले. आणि स्वतः मालकीण झाल्यावर विसरले. दुसरी गोष्ट काकूंनी त्याहून हळू सांगितली. खातं बाईच्या नावाचं, पण एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात.

तेव्हापासून शुक्रवारी दुपारी, बाजाराच्या आधी, रोख पैसे बाईच्याच हातात. रजिस्टरवर सही किंवा अंगठा. कर सल्लागार कुरकुरले, पण सही असल्यावर त्यांचंही भागलं. त्यांनीच समजावलं की कर्मचारी राज्य विमा दहा माणसांपासून आणि भविष्य निर्वाह निधी वीस माणसांपासून लागतो. आम्ही सातच. उचलही त्याच रजिस्टरात लिहिते आणि दर शुक्रवारी दोनशे कापते. आधी तोंडी द्यायची, तेव्हा एकजण पाच हजार घेऊन दुसऱ्या गावी कामाला गेली. तिच्या पोराची शाळेची फी होती, म्हणून माझा रागही पुरता टिकला नाही.

कापसाचं कोडं मात्र पैशाने सुटणारं नव्हतं. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, झाली की बाया वेचणीला जाणार. किलोवर मजुरी, चपळ हाताची बाई मिलच्या रोजीपेक्षा जास्त कमावते. पहिली दोन वर्षं मी दिवाळीनंतर घरोघर हात जोडत फिरले. मग पाहिलं तर नवी तूर येते जानेवारीत, त्यामागून हरभरा. निंदणाच्या दिवसांत आभाळच असतं, वाळवण कुठे होते? मीच उगाच ओढाताण करत होते. आता वेचणीच्या दिवसांत वाळवण बंद, फक्त साठवलेल्या डाळीचं निवडणं, तेही ज्या थकल्या बायांना शेतात जाणं होत नाही त्यांच्याकडून. पाचही जणी संक्रांतीनंतर परत येतात.

एकदा पट्ट्यात पदर अडकता अडकता राहिला. त्याच आठवड्यात जाळी बसवली, पदर खोचल्याशिवाय आत पाय नाही. प्रत्येकीचा प्रधानमंत्री सुरक्षा विमाही काढला. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण. हप्ता खात्यातून कापला जातो म्हणून मे महिन्यात मी सगळ्यांच्या खात्यात तेवढे पैसे आहेत का ते बघून घेते. विमा काढला म्हणून मालकाच्या डोक्यावरचं ओझं उतरत नाही, तो भाग वेगळा.

मशीन आता काकूंची सून चालवते. दोन वर्षं ती शेजारी डाळ निवडत होती. एक दिवस म्हणाली, "वहिनी, माल जास्त सुटून राह्यला, आवाज पाहा." खरंच सुटत होता. पानठेल्यावरच्या कागदावर मी 'मुलगा पाहिजे' लिहिलं होतं, हे आठवून हसू येतं.

जावईबापूंना काढता येईना, म्हणून स्कूटर देऊन दुकानांच्या ऑर्डरी आणायला पाठवलं. पांढरा शर्ट तिथे कामाला आला. दुकानदार त्यांना बसायला खुर्ची देतात, चहा पाजतात आणि उधारीही मागच्यापेक्षा लवकर वसूल होते. परवा कारंज्याहून दोन क्विंटलची ऑर्डर घेऊन आले. चुनीचं पोतं दारातच आडवं पडलं होतं, ते ओलांडून आत आले आणि मला ऑर्डर सांगितली. पोतं मीच उचललं.