५५ जिंकले, ६० हरले

लेकीकडे अमेरिकेत, कॅन्ससला येऊन दोन महिने झाले. गावाचं नाव लॉरेन्स. थंडी अशी की दुपारी दोनलासुद्धा कानटोपी उतरत नाही. परवा जावई म्हणाले, "आबा, तुम्ही पी.टी.चे सर. चला, तुमच्या कामाची गोष्ट दाखवतो."

इथल्या कॅन्सस विद्यापीठाच्या एका इमारतीत काचेमागे दोन पिवळट कागद आहेत, टाइप केलेले. बास्केटबॉलचे मूळ १३ नियम, डिसेंबर १८९१. २०१० साली लिलावात ते ४३ लाख डॉलरना गेले. मी मनात रुपये करायला घेतले आणि अर्ध्यात सोडून दिले. आमच्या शाळेत ३१ वर्षं मी रिंगची जाळी मच्छीमारांच्या दोरीने विणून लावली आहे.

ज्यांनी हे नियम लिहिले ते जेम्स नेस्मिथ १८९८ साली या विद्यापीठात शिकवायला आले. मी त्यांना नेस्मिथ सरच म्हणणार. ३ फेब्रुवारी १८९९ ला इथल्या संघाचा पहिला सामना कॅन्सस सिटीच्या वायएमसीए या तरुणांच्या संस्थेशी झाला आणि सरांची पोरं १६–५ अशी हरली. खेळ ज्याने शोधला त्याचाच संघ! मला हसू आलं, आणि लगेच थोडं वाईटही वाटलं.

आकडे लहान का, हे नातीला समजावताना मजा आली. तेव्हा प्रत्येक बास्केटनंतर चेंडू पुन्हा मध्यावर न्यायचा, पंच वर उडवणार, दोघं उड्या मारणार, मग पुढे खेळ. हे १९३७ पर्यंत चाललं. आणि फाउल झाल्यावर मिळणारी मोकळी फेक, म्हणजे फ्री थ्रो, संघातला एकच ठरलेला खेळाडू मारायचा. आमच्याकडे एखाद्या पोराचा नेम चांगला असला की बाकीचे त्यालाच पुढे ढकलतात, तसं. पण इथे ते नियमात बसत होतं.

नऊ मोसम सर संघाबरोबर होते. सगळ्यात जास्त विजय १९०५–०६ ला, १२ विजय आणि ७ पराभव. पुढचा, म्हणजे त्यांचा शेवटचा, ७ आणि ८. सगळे मिळून ५५ जिंकले, ६० हरले. या विद्यापीठाच्या इतक्या वर्षांच्या इतिहासात हरण्याचं पारडं जड असलेला प्रशिक्षक हा एकच. जावयांनी हे सांगताना गंमत केल्यासारखा चेहरा केला. मी केला नाही. सरांना हा खेळ शिकवायचा असतो हेच मान्य नव्हतं. तो नुसता खेळायचा, असं त्यांचं म्हणणं. व्यायाम म्हणून त्यांना कुस्ती जास्त पसंत होती. हे ऐकल्यावर माझ्यातला सांगलीकर एकदम ताठ बसला.

१९०७ मध्ये त्यांच्याच संघातून खेळलेला फॉग ॲलन प्रशिक्षक झाला. पहिल्याच मोसमात १८ विजय, ६ पराभव. आणि मग १९०८–०९: २५ जिंकले, फक्त ३ हरले. टॉमी जॉन्सन हा या संघाचा खेळाडू त्या वर्षी ऑल-अमेरिकन ठरला, म्हणजे देशातल्या निवडक उत्तम खेळाडूंत गणला गेला. सगळ्यात कमाल म्हणजे त्याच हिवाळ्यात ॲलन याच गावातल्या हॅस्केल या आदिवासी मुलांच्या संस्थेचा संघही सांभाळत होता, आणि तिथेही २७ जिंकले, ५ हरले. वय किती? तेवीस.

मी एका दिवशी मुलांची कबड्डी आणि मुलींचा खोखो सांभाळला आहे. तालुक्याची स्पर्धा, दोन मैदानं, मध्ये डाळिंबाची बाग. या मैदानावरून त्या मैदानावर धावताना शिट्टी बागेत पडली ती आजतागायत सापडलेली नाही. दोन्ही संघ पहिल्याच फेरीत बाद. त्यामुळे या पोराबद्दल मला आदर वाटतो, पण जवळीक वाटते ती नेस्मिथ सरांशी.

बरं, एवढा मोसम गाजवून ॲलन पुढच्या वर्षी निघून गेला, ऑस्टिओपॅथी, म्हणजे हाडं-स्नायूंवर हाताने उपचार करण्याची विद्या, शिकायला. परतला १९१९ मध्ये, आणि मग १९५६ पर्यंत हलला नाही. आज इथलं मोठं स्टेडियम त्याच्या नावाने आहे, बाहेर पुतळा आहे. सरांचं नाव आत, जिथे पोरं धावतात त्या लाकडी कोर्टाला. ही वाटणी कोणी केली माहीत नाही, पण ज्याने केली त्याला पी.टी.चा तास आवडत असणार.

रात्री जेवताना नातीने विचारलं, "आबा, तुमचा रेकॉर्ड किती?"

मी बोटांवर मोजायला लागलो. तालुक्याला चारदा पहिले. जिल्ह्याला एकदा दुसरे, तेही समोरच्या संघाची एसटी बंद पडली म्हणून. मग हरलेले सामने आठवायला लागलो. वरण गार झालं, लेकीने ताट उचललं, तरी मी अजून १९९६ मध्येच होतो.