लंडनला नेलेली सोलापुरी चादर

सोलापूर, 23 जुलै

मँचेस्टरहून परत येऊन आज आठवा दिवस आहे. रात्री दोनपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही आणि लागला की सकाळी उठवत नाही. साडेचार तासांचा फरक अंगातून जायला इतके दिवस लागावेत, याला आता वयच कारण म्हणायचे. जागरण वाया जाऊ नये म्हणून अडीच महिन्यांच्या मुक्कामातले जे विसरायचे नाही ते लिहून ठेवतो आहे. मुलीचे घर, नातवाची शाळा आणि तिथला पाऊस यांविषयी सवडीने लिहीन. आज फक्त लंडनचे चार दिवस, कारण लंडनला मी शहर पाहायला गेलोच नव्हतो, दोन मित्रांना भेटायला गेलो होतो.

त्यांतल्या एकाला शाळेत आम्ही सगळे ‘टावेल’ म्हणत असू. पूर्व भागात त्याच्या वडिलांचे टॉवेलचे दोन माग होते. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात कन्नड अशा तीन भाषांत तो वाढला, शाळा सुटल्यावर कांड्या भरता भरता त्याने अभ्यास केला, इथल्याच वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाला आणि 1986 साली इंग्लंडला गेला. मी सोलापुरातच बँकेत लागलो आणि बँकेतूनच निवृत्त झालो. आमची शेवटची भेट 2009 सालची, त्याची आई गेली तेव्हाची, आणि ती काही बोलण्याची वेळ नव्हती.

मँचेस्टरहून निघालेली गाडी दोन तासांत युस्टनला पोहोचते. तिथून हॅरोपर्यंत, म्हणजे टावेलच्या घरापर्यंत, कसे यायचे ते जावयाने मला कागदावर लिहून दिले होते. पण फलाटाच्या तोंडाशी टावेल स्वतः उभा होता. पाहुण्याला उतरवून घ्यायला स्टेशनवर गेलेच पाहिजे, मग ती हुतात्मा एक्सप्रेस असो की लंडनची गाडी, ही आपल्याकडची रीत त्याने सोडलेली नाही याचे मला बरे वाटले. मात्र त्यानंतरचे दोन तास अवघडच गेले. ‘प्रवास कसा झाला, जेवणाचे पथ्य काही आहे का, गुडघ्यांचा त्रास आहे का’ असे तो इतक्या शुद्ध आणि सावकाश मराठीत विचारत होता, की आपण मित्राच्या घरी आलो आहोत की डॉक्टरकडे तपासून घ्यायला आलो आहोत, ते मला कळेना. वहिनींनीही काचेच्या कपांत चहा दिला आणि माझ्या पत्नीला लंडनच्या हवेविषयी विचारले. हवेविषयी जे बोलता येते ते दहा मिनिटांत संपते.

मग पत्नीने बॅग उघडली. तेवीस किलोंच्या हिशेबात बसवून आणलेली शेंगाची चटणी निघाली, कडक भाकऱ्या निघाल्या (अर्ध्यांचा चुरा झाला होता, तरी वहिनींनी तो चुरासुद्धा डब्यात भरून ठेवला), आणि सगळ्यांत खाली चादर होती. ती मी निघण्याच्या आदल्या दिवशी नव्या पेठेतल्या एका दुकानातून घेतली होती. सोलापूरचा माणूस सोलापूरच्या माणसाला परदेशात चादर देतो यात नवल नाही, पण ज्याच्या घरी माग होता त्याला चादर देताना मी जरा अभिमानानेच दिली, हे कबूल करतो.

त्याने ती मांडीवर घेतली. आधी तळहातावर तोलली, मग उलटी करून पाहिली. सोलापुरी चादरीची नक्षी दोन्ही बाजूंना उठते, रंग तेवढे अदलाबदल होतात, हे मलाही माहीत होते आणि या चादरीत ते तसेच दिसत होते. पण तो काठाशी थांबला, अंगठ्याच्या नखाने एक आडवा धागा सैल केला, ओढून काढला आणि काही न बोलता देव्हाऱ्याजवळची काडेपेटी घेऊन स्वयंपाकघरात गेला. मीही मागोमाग गेलो. सिंकवर त्याने धागा ज्योतीत धरला. धागा जळण्याऐवजी आकसला, वितळला आणि टोकाला मोहरीएवढी काळी, कडक गाठ झाली. वासही प्लॅस्टिकचा आला. तेवढ्यात छतावरचे धुराचे यंत्र किंचाळू लागले, वहिनी टॉवेलने त्याला वारा घालू लागल्या, आणि त्या गोंधळात टावेल माझ्याकडे वळून म्हणाला, “ही आपली न्हाय बे. पानिपतची हाय. सुतात भेसळ हाय. तुला गंडवलं की बे!”

दोन तासांत पहिल्यांदाच तो सोलापूरचे बोलला होता. मला लाज वाटली आणि हसूही आले. या चादरीला 2005-06 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा बँकेत पेढे वाटणाऱ्यांत मी होतो. उत्तरेकडून येणारा स्वस्त माल आमच्या गावाच्या नावाने खपतो, हेही वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांतून वाचत होतो. तरीही दुकान ओळखीच्या पेठेतले आहे एवढ्यावर विश्वास ठेवून मी बोटांना कष्ट दिले नाहीत. आणि ज्याने जवळजवळ चाळीस वर्षांत माग पाहिला नाही, त्याच्या बोटांनी मात्र ते मिनिटभरात ओळखले. त्यानंतर गप्पांना खळ नव्हता. बाहेर रात्री साडेनऊपर्यंत उजेड होता. त्याने गड्ड्याच्या जत्रेचे, नंदीध्वजांचे, कंबर तलावाचे विचारले. गिरणीचा भोंगा आता वाजत नाही म्हटल्यावर मात्र तो थोडा वेळ गप्प बसला.

दुसरा मित्र क्रॉयडनहून रविवारी आला. तो पूर्वी जसा होता तसाच आहे, म्हणजे खातो भरपूर आणि कुरकुरतो त्याहून अधिक. त्याच्याविषयी एवढे पुरे. तिघे मिळून किंग हेन्रीज रोडवरचे दहा क्रमांकाचे घर पाहायला गेलो. 1921-22 मध्ये बाबासाहेब आंबेडकर शिकत असताना तिथे राहत होते. 2015 साली महाराष्ट्र शासनाने ते घर घेतले. तिथून जवळच प्रिमरोज हिल नावाची टेकडी आहे आणि वर गेले की अर्धे लंडन समोर दिसते. गवतावर बसल्यावर टावेलला त्याच्या निरोपसमारंभातले भाषण आठवले. आमच्या सरांनी त्या दिवशी डॉक्टर कोटणीसांचा दाखला दिला होता. कोटणीस आमच्या सोलापूरचे, 1938 मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि 1942 मध्ये तिथेच वारले, त्यामुळे सोलापुरातून कुणीही डॉक्टर परदेशी निघाला की त्यांचे नाव निघायचेच. टावेल म्हणाला, “कोटणीस लढाईत जखमी झालेल्यांना बरं करायला गेले. मी बाबांच्या मागाचं कर्ज फेडायला आलो. सरांना ते सांगायचं राहूनच गेलं बे.” मागाचे कर्ज कोणत्या बँकेचे होते ते मला माहीत होते, कारण ते माझ्याच शाखेतले होते, आणि त्याचा हप्ता एकदाही चुकलेला नव्हता. इतकी वर्षे ही गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती, ती त्या टेकडीवर सांगितली. तो काही बोलला नाही, गवताची काडी तोडत राहिला.

चादर परत घेऊन जाऊ का, असे मी निघताना विचारले. तो नाही म्हणाला. आमच्या शेवटच्या रात्री दिवाणखान्यात टीव्ही पाहताना तीच चादर त्याने पायांवर ओढून घेतली होती.

परवा मी अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात जाऊन दुसरी चादर घेतली. मालकाची परवानगी घेऊन काठाचा एक धागा काढला आणि तिथेच काडी ओढली. धागा भुरकन जळला, जळक्या कागदासारखा वास आला. मालकाला माझे वागणे विचित्र वाटले असावे, पण तो हसला. मुलगी डिसेंबरमध्ये येईल तेव्हा तिच्याबरोबर ती हॅरोला पाठवायची आहे. रात्री जळक्या धाग्याचा फोटो टावेलला धाडला. तिकडे तेव्हा संध्याकाळ असेल. पाच मिनिटांत उत्तर आले : “राख बोटानं चोळून बघितलास का बे?”

ते मात्र मी केले नव्हते.