आवाज ऐकवतो, काय बदलायचे ते सांगा: तुम्ही विचारलेत म्हणून

जुन्या स्किड-स्टीअर लोडरची (जागच्या जागी वळणाऱ्या छोट्या लोडरची) दुरुस्ती करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला दोनच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. पहिला प्रश्न फोनवर टिपलेल्या आवाजासोबत येतो: 'लोडर चालवताना असा आवाज येतो आहे, ऐकून सांगा, मोटर बदलू की चेन?' दुसरा त्यानंतर काही दिवसांनी, बहुधा त्याच माणसाकडून येतो: 'पार्किंग ब्रेक सुटत नाही, चाके अडवणारी त्यातली पाचर काढून टाकली तर चालेल ना?' पहिल्याला मी 'यंत्र पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही' आणि दुसऱ्याला 'नाही' एवढेच उत्तर देत आलो. पहिल्या उत्तरामुळे मी भेटीच्या पैशांसाठी अडून बसतो असा समज झाला आहे आणि दुसऱ्यामुळे मी फार पुस्तकी वागतो असा. दोन्ही समज मला लागतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आवाजावरून दोष अजिबात ओळखता येत नाही, असे मी कधीच म्हटलेले नाही. पण आवाज कशाच्या मागे जातो हे त्यासाठी कळावे लागते आणि फोनमध्ये नेमके तेच टिपले जात नाही. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारा, चाकांच्या वेगाबरोबर चढणारा आणि वेग तोच असताना केवळ भार आला की उठणारा, असे हे तीन आवाज तीन वेगळ्या ठिकाणांहून येतात. या यंत्रात इंजिन पंप फिरवते, पंपाने ढकललेल्या तेलावर प्रत्येक बाजूची हायड्रो मोटर फिरते आणि मोटर चेनने चाके फिरवते; या चेन तेल भरलेल्या बंद पेटीत, म्हणजे चेनकेसमध्ये असतात. यंत्र चालवायचे लिव्हर मधोमध आहेत, यंत्र जागेवर उभे आहे आणि फक्त अ‍ॅक्सिलरेटर वाढवल्यावर किंचाळल्यासारखा आवाज चढत गेला, तर चेनकेस उघडायला घेऊ नका. तो पंपाकडचा आवाज आहे. पंपाकडचा आहे म्हणजे पंप गेला असेही समजू नका, कारण तेल कमी असणे, फिल्टर चोंदणे किंवा सक्शनच्या होसची (पंपाकडे तेल ओढणाऱ्या नळीची) क्लिप सैल पडून हवा ओढली जाणे, या कारणांनीही अगदी तसाच आवाज येतो. तेलाला फेस आला आहे का हे पाहायला दोन मिनिटे पुरतात. पंप उतरवायला आख्खा दिवस जातो.

चाकांच्या वेगाबरोबर चढणारा आवाज मात्र चेन, स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक), अ‍ॅक्सलचे बेअरिंग यांच्याकडे नेतो, आणि इथे या यंत्राची जडणघडण ध्यानात घ्यावी लागते. अमेरिकेत मिनेसोटामध्ये केलर बंधूंनी १९५७ साली एका टर्कीपालकासाठी तीन चाकांचे छोटे लोडर बनवले, कारण त्याला शेडमधल्या खांबांच्या मधून वळू शकेल असे यंत्र हवे होते. १९६० साली मेलरो कंपनीने त्याचे चार चाकांचे रूप आणले. तेव्हापासून वळण्याची रीत तीच आहे: चाके वळत नाहीत, एका बाजूची थांबतात किंवा उलटी फिरतात, दुसऱ्या बाजूची पुढे जातात आणि सगळे यंत्र जमिनीवर घासत फिरते. एका बाजूची पुढची आणि मागची चाके एकाच हायड्रो मोटरला चेननी जखडलेली असतात, त्यामुळे त्या दोघांना निरनिराळ्या वेगाने फिरण्याची मुभाच नसते. आता पुढे नवा टायर आणि मागे निम्मा झिजलेला टायर असेल, तर दोघांच्या घेरातला फरक कोण भरून काढणार? तो चेन ओढून धरते, ताण साचत जातो, आणि कुठले तरी चाक घसरले की तो ताण खाडकन सुटतो. फोनवर मला ऐकवलेले कितीतरी 'चेनचे आवाज' असे टायरचे निघाले आहेत. म्हणून टेपने टायरचा घेर मोजा आणि हवा सारखी करा, असे मी आधी सांगतो. लोकांना ते उडवून लावल्यासारखे वाटते.

त्यानंतर यंत्र भक्कम ठोकळ्यांवर घ्यावे, चारही चाके जमिनीपासून सुटलेली असावीत, आणि इंजिन बंद ठेवून प्रत्येक चाक हाताने पुढेमागे हलवून खेळ पाहावा. डाव्या आणि उजव्या बाजूची तुलना केली की पुष्कळ काही कळते. पुढे जाता जाता मागे घेतल्यावर एकच ठोका बसत असेल तर चेन सैल आहे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ठरलेल्या जागी ठोका येत असेल तर स्प्रॉकेटचा दात किंवा बेअरिंग पाहावे. केवळ भार आल्यावर एक बाजू ओरडत असेल आणि मंद होत असेल, तर पंपाकडून मोटरकडे जाणारे होस डावे-उजवे बदलून पाहावेत. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर तो पंपाचा, जागेवरच राहिला तर मोटरचा किंवा तिच्या पुढचा. आणखी एक खूण फार थोडे लोक पाहतात. चेनकेसमधले तेल आपोआप वाढत असेल आणि हायड्रॉलिकच्या टाकीतले कमी होत असेल, तर मोटरच्या शाफ्टचे सील गेलेले आहे, आणि ही गोष्ट आवाज येण्याच्या पुष्कळ आधी कळू शकते.

पण ज्यासाठी लिहायला बसलो तो आवाज यांपैकी कुठल्याच रकान्यात बसत नाही, कारण तो ब्रेकचा असतो.

पुष्कळ जुन्या लोडरमध्ये पार्किंग ब्रेक म्हणजे एक लोखंडी पाचर असते. ऑपरेटरने सीट बार (बसल्यावर समोर ओढून घ्यायचा आडवा दांडा) वर केला किंवा चावी बंद केली की ती मोटरच्या शाफ्टबरोबर फिरणाऱ्या दातेरी डिस्कमध्ये पडते आणि चाके अडवते. सीट बार खाली घेतला की सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारे चुंबक, तिला वर उचलते. त्यात दोन कॉइल असतात: एक क्षणभर मोठा प्रवाह घेऊन पाचर ओढते, दुसरी थोड्या प्रवाहावर तिला धरून ठेवते. पाचर पूर्ण वर जाऊन बसली तरच दुसरी कॉइल तिला धरू शकते. अर्धवट वर गेलेली पाचर धक्क्याबरोबर खाली येते, फिरत्या डिस्कच्या दातांवर आपटत राहते, आणि तो आवाज चाकांच्या वेगाबरोबर वाढतो. चेनचा आवाजही तसाच वाढतो, म्हणून भले भले फसतात.

रायगड जिल्ह्यात खाडीकाठच्या एका कोळशाच्या यार्डातल्या लोडरला हेच झाले होते. ठेकेदाराने बोलावलेल्या मिस्त्रीने आधी चेन ताणली, मग मोटर गेल्याचे निदान केले आणि जुन्या बाजारातून मोटर आणून बसवली. आवाज तसाच राहिला. जेट्टीवर बार्ज लागलेला, लोडर थांबला की सगळे काम थांबणार आणि उशिराचा भुर्दंड ठेकेदाराच्या माथ्यावर, अशा घाईत कोणीतरी पाचर वर ओढून बाइंडिंग वायरने बांधून टाकली, आणि आवाज गेला. यंत्र पूर्वीपेक्षा मोकळे चालू लागले, ऑपरेटर खूश झाला, आणि दुरुस्ती झाली यावर सर्वांचे एकमत झाले.

पुढे जेट्टीकडे उतरणाऱ्या रॅम्पवर बकेटच्या दातांत ताडपत्री अडकली. ऑपरेटरने इंजिन बंद करून सीट बार वर केला आणि हेल्परला ती काढायला सांगितले. बकेट जमिनीपासून वितभर वर होती. इंजिन चालू असताना लिव्हर मधोमध आणले की हायड्रोस्टॅटिकमधले, म्हणजे पंप आणि मोटर यांच्यात कोंडलेले तेल यंत्राला धरून ठेवते, पण जुन्या मोटरमधून आणि पंपातून तेल आतल्या आत झिरपत असते, आणि इंजिन बंद झाल्यावर उतारावर ती पकड हळूहळू सुटते. लोडर सावकाश सरकला. कोणाला धावायलाही लागावे इतका तो वेग नव्हता, पण हेल्परची पाठ काँक्रीटच्या कठड्याकडे होती आणि बकेट त्याच्या पायावर आली. नडगीचे हाड मोडले. तो मुलगा आज चालतो, पण पाय ओढत चालतो.

मला त्यानंतर बोलावले गेले, यंत्रात काय दोष होता ते लिहून देण्यासाठी. चेनकेसच्या झाकणावर कोळशाची भुकटी आणि तेल यांचा घट्ट थर बसला होता. तो खरवडून काढल्यावर पीळ देऊन बांधलेली तार दिसली. सोलेनॉइडच्या गाभ्याखालीही तीच भुकटी ठासून भरलेली होती, त्यामुळे पाचर पूर्ण वर जाऊच शकत नव्हती. डिस्कच्या दातांच्या कडा आपटून गोल झाल्या होत्या आणि चकाकत होत्या. तार सोडून विजेचा मार्ग तपासायला घेतला. मीटरवर कॉइलच्या प्लगपाशी १२ व्होल्टच्या वर दाखवत होते, आणि मिस्त्रीने बहुधा एवढेच पाहिले असावे. मी तिथे हेडलाइटचा बल्ब लावला तेव्हा तो विझत आलेल्या निखाऱ्यासारखा लालसर झाला. मीटर प्रवाह मागत नाही म्हणून त्याला पूर्ण व्होल्टेज दिसते. बल्ब प्रवाह मागतो म्हणून वाटेतला अडथळा उघडा पडतो. अडथळा कॉइलच्या अर्थिंगच्या बोल्टखाली होता. खाडीच्या खाऱ्या हवेने तिथे हिरवट-पांढरी भुकटी धरली होती. बोल्ट काढला, पॉलिशपेपरने घासला, पट्टी स्वच्छ करून पुन्हा आवळली, गाभ्याखालची कोळशाची भुकटी काढली, आणि पाचर एका झटक्यात वर गेली.

हे मी ठेकेदाराला दाखवत असताना त्याने विचारले, 'पण मग आवाज कसा काय गेला होता?' तो मनापासून विचारत होता. आवाज गेला म्हणजे दोष गेला, असे त्याने धरले होते, आणि तसे धरणारा तो एकटा नव्हता. पाचर डिस्कपासून दूर बांधून टाकल्यावर आवाज जाणारच होता. ज्या आवाजासाठी मोटर बदलली तो आवाज 'माझी पाचर नीट उचलली जात नाही' असे सांगत होता, आणि सांगणारी वस्तूच बांधून टाकली गेली. तुमचे दोन्ही प्रश्न मी वेगळे धरत नाही ते या कारणाने.

तुम्ही म्हणाल की एका अपघातावरून मी सगळ्यांना धाक घालतो आहे. मालकांची बाजू मला कळते आणि ती खोटीही नाही. सीट बारचा सेन्सर धुळीने चुकतो, प्लगमध्ये पाणी शिरते, काम ऐन भरात असताना यंत्र जागच्या जागी जखडते, आणि ऑपरेटर दिवसभर चढउतर करतो तेव्हा प्रत्येक वेळी पाचर सुटण्याची वाट पाहणे त्याला जिवावर येते. उतारावर उभ्या केलेल्या लोडरची पाचर डिस्कच्या दाताखाली दाबली जाते आणि सोलेनॉइड चांगले असूनही सुटत नाही. लिव्हर किंचित पुढेमागे करून भार हलका करावा लागतो, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. यंत्र पुरते थांबायच्या आधीच सीट बार वर करण्याची सवय असेल तर पाचर वाकते, डिस्क फुटते, आणि दोष ब्रेकच्या माथी मारला जातो.

मी स्वतः पूर्वी असे म्हणत असे की सपाट जागेवर, बकेट जमिनीला टेकवून आणि चाकांखाली लाकडी ठोकळे लावून, कॉइल मिळेपर्यंत ब्रेकशिवाय लोडर चालवायला हरकत नाही. आजही ते मत मला पूर्णपणे खोडता येत नाही. पोल्ट्रीच्या सपाट शेडमध्ये, एकाच जाणत्या ऑपरेटरच्या हातात, ते यंत्र कदाचित कोणालाही इजा न करता वर्षानुवर्षे चालेल. पण लोडर त्या शेडमध्ये राहत नाही. तो पुढच्या आठवड्यात भाड्याने जातो, ऑपरेटर बदलतो, आणि बांधलेली तार मळाच्या थराखाली असल्यामुळे नव्या माणसाला दिसत नाही. काही जुन्या मॉडेलची कॉइल आणि डिस्क आता नव्याने सहज मिळत नाहीत, आणि अशा यंत्राचे काय करावे यावर माझ्याकडे मालकाला परवडेल असे उत्तर नाही. भंगारात काढा असे म्हणणे सोपे आहे, पण ज्याचे घर त्या एका यंत्राच्या भाड्यावर चालते त्याच्या तोंडावर ते म्हणणे मला आजवर जमलेले नाही. पाचर मात्र मी काढून देत नाही. मग ती दुसरीकडे काढली जाते, हेही मला माहीत आहे.

तेव्हा यापुढे आवाज पाठवाल तेव्हा सोबत चार ओळी लिहा. यंत्र उभे असताना तो येतो का, लिव्हर ढकलल्यावरच येतो का, वळताना वाढतो का, चारही टायर एकाच घेराचे आहेत का, आणि चेनकेसमधले तेल किती आहे. शिवाय यंत्र सपाट जागी पूर्ण थांबवून सीट बार वर करा आणि पाचर पडल्याचा ठोका ऐकू येतो की नाही, तेही कळवा. तो ठोका ऐकू आला नाही, तर बाकीच्या आवाजांबद्दल आपण नंतर बोलू.