आमची वाटचाल: आधी अर्थ, मग पार्ट

आम्ही फक्त जुन्या गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करतो. सुरुवातीला टेबलावर एक टेस्ट लॅम्प, पक्कड, सोल्डरिंग आयर्न आणि काळ्या टेपची रिळं एवढीच हत्यारं होती, आणि कामाची पद्धतही तितकीच साधी. बॅटरी उतरते? बॅटरी बदला. तरी उतरते? मग डायनामो (बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर). मग सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर). तिसऱ्या पार्टपर्यंत गाडी बहुधा सुधारायचीही, कारण पार्ट काढता-बसवताना सैल पडलेलं थिंबल (वायरच्या टोकाला बसवलेला धातूचा जोड) कुणाच्या लक्षात न येता घट्ट व्हायचं. श्रेय मात्र नव्या पार्टला मिळायचं.

मल्टिमीटर (व्होल्ट, करंट आणि ओहम मोजणारा मीटर) आला आणि हा क्रम उलटला. आता कुठल्याही पार्टला हात लावण्याआधी तीन आकडे घेतो. गाडी रात्रभर बंद राहिल्यावर बॅटरीवर 12.6 व्होल्ट असतील तर ती पूर्ण भरलेली, 12.2 असतील तर निम्मी, 12 च्या खाली गेली की रिकामी होत आलेली. सेल्फ मारताना व्होल्टेज 9.6 च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 मिळायला हवेत. दोष बॅटरीत, सेल्फमध्ये की चार्जिंगमध्ये, हे यातून बरंचसं कळतं. मात्र बॅटरी अर्धवट भरलेली असेल तर दुसऱ्या आकड्याचा काही उपयोग नाही. आधी ती चार्जरवर लावायची.

मीटर फसवतोही. वायरमधल्या वीसपैकी एकोणीस तारा गंजून तुटल्या आणि एक शिल्लक राहिली, तरी कंटिन्युइटीवर, म्हणजे वायर अखंड आहे का ते तपासताना, मीटर ‘बीप’ करतो, कारण तो त्या तारेतून जेमतेम काही मिलिअँपिअर पाठवतो. त्याच वायरवर हेडलाइटचे पाच अँपिअर आले की दिवा पिवळट पडतो. म्हणून आमच्याकडे ओहमवर फारसा कुणाचा विश्वास नाही. सगळं लोड चालू ठेवून व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट गळतात ते, मोजायचा.

मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर, दुसरा इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर ठेवायचा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. 0.2 व्होल्टपर्यंत ठीक, त्याच्या वर गेलं की अर्थ (earth, म्हणजे करंटची बॅटरीकडे परतण्याची वाट) खराब. पॉझिटिव्ह पोल ते सेल्फचा मोठा बोल्ट या मार्गावर 0.5 पर्यंत चालतं. प्रोब पोलवरच टेकवायचा, क्लॅम्पवर नाही. पोल आणि क्लॅम्प यांच्यामध्ये बसलेला पांढरा गंजही मोजणीत आला पाहिजे, आणि पुष्कळदा चोर तोच असतो.

जुन्या गाडीत सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थ पट्टी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे ही पट्टी तुटली की सेल्फचा करंट परतीसाठी मिळेल ती वाट धरतो, कधी क्लचची केबल, कधी ॲक्सिलरेटरची. केबल तापते, जड होते, आणि गाडीवाला केबल बदलून घेतो! पट्टीचं काम किरकोळ आहे: बोल्टखालचा रंग खरवडायचा, धातू चमकेपर्यंत पॉलिश पेपर मारायचा, दातेरी वॉशर लावून आवळायचं आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवायचा.

मागच्या दिव्यांचं गणितही असंच. ब्रेक दाबल्यावर त्याच बाजूचा इंडिकेटरही मिणमिणायला लागला तर बल्ब निर्दोष असतो. त्या दिव्याचा अर्थ गेलेला असतो आणि करंट शेजारच्या फिलामेंटमधून परततो.

हेडलाइट मंद म्हणून येणाऱ्यांना पूर्वी आम्हीही जास्त वॉटचे बल्ब लावून द्यायचो. आता देत नाही. जुन्या गाड्यांत दोन्ही दिव्यांचा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून फिरून येतो. वाटेत दीड व्होल्ट गेले आणि बल्बला 13.5 ऐवजी 12 मिळाले तर प्रकाश जवळपास एक तृतीयांश कमी होतो. 100 वॉटचा बल्ब लावला की ड्रॉप आणखी वाढतो आणि होल्डर वितळतो. यावर उपाय म्हणजे हाय आणि लो बीमसाठी वेगळे दोन रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच). रिलेच्या 30 नंबरच्या पिनला बॅटरीपासून 15 अँपिअरच्या फ्यूजमधून 2.5 चौरस मिलिमीटरची वायर, 87 वरून दिवा, 85 ला अर्थ आणि 86 ला स्विचकडून येणारी जुनी वायर. मूळ 60/55 वॉटचाच बल्ब ठेवायचा.

रात्रीत बॅटरी उतरते ही तक्रार सर्वांत जास्त येते, आणि वेळही तीच सर्वांत जास्त खाते. निगेटिव्ह केबलच्या मध्ये मीटर लावायचा किंवा डीसी क्लॅम्प मीटर अडकवायचा. गळती, म्हणजे बंद गाडीतही वाहणारा करंट, 50 मिलिअँपिअरच्या आत हवी. 500 असेल तर दिवसाला 12 अँपिअर-तास जातात, म्हणजे 35 अँपिअर-तासांची बॅटरी तिसऱ्या दिवशी गाडी उचलत नाही. मोजण्याआधी दाराचा स्विच दाबून अडकवायचा, नाहीतर छताचा दिवाच मोजला जातो. मग एकेक फ्यूज काढत जायचं. सगळे काढूनही आकडा हलला नाही तर संशय डायनामोच्या डायोडवर. बॅटरी सोडवून त्याची जाड वायर काढायची आणि पुन्हा मोजायचं.

फ्यूज लावताक्षणी उडत असेल तर त्याच्या जागी 21 वॉटचा बल्ब जोडतो. शॉर्ट असेपर्यंत तो लख्ख पेटतो. लूम (वायरींचा जुडगा) हलवत जायचं, जिथे हात लागल्यावर तो मंदावतो तिथे वायर घासलेली. दाराच्या आणि डिकीच्या बिजागऱ्यांपासून सुरुवात केली की बहुधा पुढे जावंच लागत नाही. जाड फ्यूज किंवा तार बसवून दिलेली गाडी मात्र आम्ही लूम उघडल्याशिवाय ताब्यात देत नाही, कारण तिथे फ्यूजऐवजी वायर जळलेली असते.

सोल्डरिंग आयर्न आता क्वचित तापतो. सोल्डर संपतो तिथे तार ताठ होते आणि इंजिनच्या कंपनाने नेमकी त्याच कडेला तुटते. त्यामुळे योग्य मापाचं थिंबल, नीट क्रिम्पिंग (थिंबल दाबून वायरवर बसवणं) आणि वर हीट श्रिंक (उष्णतेने आकसणारी नळी). काळी टेप उन्हाळ्यात चिकट होऊन सुटते, ती आम्ही बंद केली.

गाडी देताना जॉब कार्डवर चार आकडे लिहून देतो: बंद गाडीचे व्होल्ट, सेल्फ मारतानाचे, चार्जिंगचे आणि गळती मिलिअँपिअरमध्ये. पुढच्या वेळी गाडी आली की आधी ते कार्ड मागतो.