बोर्डोच्या वरच्या अंगाला

फ्रान्समध्ये आमच्या टुलूझला कोणी पाहुणे आले की परत जाताना एक फर्माईश ठरलेलीच, एखादी भारी बोर्डो, म्हणजे बोर्डो शहराच्या आसपासची वाइन, घेऊन जायचीय, बजेट वीस-पंचवीस युरो. आता वीस युरोत बोर्डो मिळते की, चार-पाच युरोतही मिळते, तिकडे वाइन इतकी उदंड झालीये की २०२३ पासून शेतकऱ्यांना पैसे देऊन वेली उपटायला लावतायत, पण पाहुण्यांच्या डोक्यात जी बोर्डो असते ना ती १८५५ च्या यादीतली. तिसऱ्या नेपोलियनला पॅरिसच्या प्रदर्शनासाठी हवी होती म्हणून बोर्डोच्या दलालांनी तेव्हाच्या बाजारभावावरून केलेली वाइनच्या मळ्यांची यादी, पहिल्या दर्जापासून पाचव्यापर्यंत, आणि त्यानंतर तिच्यात गाजलेला बदल एकच, १९७३ ला मुताँ रोथशिल्डचा मळा दुसऱ्यातून पहिल्यात गेला. म्हणजे आधी भाव बघून यादी केली आणि मग यादी बघून भाव ठरायला लागले! त्या पहिल्या दर्जाच्या पाच मळ्यांतली बाटली आज काहीशे युरोंच्या खाली हाताला लागत नाही.

म्हणून मी सांगते, उलट्या दिशेने चला, नदीच्या वरच्या अंगाला. गारोन आमच्या टुलूझवरून खाली बोर्डोला जाते, वाटेत तिला तार्न मिळते, लो मिळते, आणि या नद्यांच्या काठाने गायाक, फ्राँताँ, काओर अशी सगळी वाइनची गावं आहेत. ही वाइन आज स्वस्त मिळते त्यामागे जुनं राजकारण आहे. तेराव्या शतकात बोर्डो आणि भोवतालचा मुलूख इंग्लंडच्या राजाच्या ताब्यात होता, माल जहाजावर चढायचा तो बोर्डोच्या बंदरात, आणि बोर्डोवाल्यांनी राजाकडून सवलत पदरात पाडून घेतली, की आमची वाइन विकून झाल्याशिवाय वरच्या मुलखातली पिंपं बंदरात यायची नाहीत. आधी नोव्हेंबरपर्यंत थांबा, पुढे पुढे तर नाताळपर्यंत, तोवर गिऱ्हाईक माल घेऊन इंग्लंडला परत पोचलेलंसुद्धा असायचं. हा प्रकार पार १७७६ पर्यंत चालला, तेव्हा कुठे त्युर्गो नावाच्या मंत्र्याने तो बंद केला. पाचशे वर्षं दाराबाहेर उभं केल्यावर कुणाचं नाव होणार हो?

फ्राँताँ इथून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. तिथलं द्राक्ष नेग्रेत, जे फ्रान्समध्ये दुसरीकडे फारसं कोणी लावतच नाही. ग्लासात ओतली की काळपट जांभळी दिसते, नाक जवळ नेलं की व्हायोलेटच्या फुलांचा वास, मागून थोडी मिरी, आणि घोट घेतला की अगदी मऊ, जिभेला कुठे ओरखडा नाही. सहा ते दहा युरो. काओरची मात्र वेगळी गंमत, ती शाईसारखी काळी, जुन्या काळी तिला काळी वाइनच म्हणायचे, आणि तिचं द्राक्ष म्हणजे माल्बेक, जे अर्जेंटिनाने जगभर गाजवलं आणि माहेरचं नाव लोक विसरून गेले.

बरं बोर्डोच हवी असा हट्टच असेल तर निदान सँतेमिल्याँ या महागड्या वाइनच्या गावाशेजारचं कास्तियाँ बघा. १४५३ ला शंभर वर्षांच्या युद्धातली शेवटची मोठी लढाई इथे झाली, तोच चुनखडीचा डोंगर पुढे सरकत येतो, तेच मेर्लो द्राक्ष, फक्त गावाची वेस ओलांडली की किंमत धाडकन खाली. देवगडच्या हापूसचं आणि वेशीपलीकडच्या बागेचं जे होतं तेच.

लेबलवर मात्र फार भाळू नका. 'व्हिएय व्हिन्य' म्हणजे जुन्या वेली, पण किती जुन्या याला कायद्यात व्याख्याच नाही, वीस वर्षांच्याही चालतात आणि ऐंशीच्याही. जाडजूड जड बाटली म्हणजे काच महाग, बस. आणि ते सोनेरी मेडलचे स्टिकर, एका स्पर्धेत आलेल्या वाइन्सपैकी एक तृतीयांशापर्यंत मेडलं वाटायची मुभा आहे, त्यामुळे सुपरमार्केटच्या रांगेत उभं राहून बघितलं तर सगळंच सोन्याने मढलेलं दिसतं. मी बघते ते झाकणावर पिंप खांद्यावर घेतलेला माणूस आहे का, ते स्वतंत्र शेतकऱ्यांच्या संघटनेचं चिन्ह, म्हणजे ज्याची द्राक्षं त्यानेच वाइन केली आणि बाटलीत त्यानेच भरली. चव चांगलीच असेल असं नाही, पण निदान कोणाची ते तरी कळतं.

राहता राहिला आपल्या जेवणाचा प्रश्न, आणि इथे किमतीपेक्षा मिरची महत्त्वाची. माडिराँ भागातली ताना नावाच्या द्राक्षाची लाल वाइन बदकाच्या मांसाबरोबर अप्रतिम, पण काळ्या मसाल्याच्या रश्श्याबरोबर घ्याल तर ती तुरट आणि रस्सा दुप्पट तिखट, तोंडाची आग आग. त्यापेक्षा लुआर नदीकाठची पांढरी व्हुव्रे घ्या, थोडी गोडसर, 'दमी-सेक' लिहिलेली. तिचं द्राक्ष शेनँ ब्लाँ, तेच ज्याची वाइन नाशिकवाले कित्येक वर्षं विकतायत, त्यामुळे अगदीच अनोळखी वाटणार नाही. नाहीतर पिरेनीजच्या पायथ्याची ज्युराँसाँ. फ्रान्सचा राजा चौथा हेन्री जन्मला तेव्हा त्याच्या ओठांना लसूण आणि ज्युराँसाँ लावली होती अशी दंतकथा आहे, आणि खरं सांगू, लसणाच्या फोडणीबरोबर ती जाते बाई छान! कोळंबीला तर आमच्याकडे हीच. फक्त घेताना बाटलीवर 'सेक', म्हणजे गोड नसलेली, असं लिहिलंय ना ते नीट बघा, नसेल तर ती गोड ज्युराँसाँ, ती कोळंबीबरोबर उघडलीत तर चुकलंच, सरळ झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि जेवण झाल्यावर चीजबरोबर काढा.